खाणीच्या तळाचा वास

वीस वर्षं मी कारखान्याचं सांडपाणी हुंगत आले आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, कपड्यांच्या रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी केमिस्ट म्हणून लागले आणि पुढे सांडपाण्याचा विभाग माझ्या गळ्यात पडला. नमुना घ्यायचा, तपासायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं. नाक मुर्दाड होऊन जातं. नमुन्यांच्या बाटल्यांशेजारच्या टेबलावर बसून मी निवांत डबा खायचे. आई म्हणायची, "तुला किळस म्हणून येत नाही कशाची." मला ते कौतुकच वाटायचं.

सुरुवात सायकलपासून करावी लागेल. माझ्या धाकट्या भावाने पुण्यात नोकरीला असताना ती हौसेने घेतली होती. डोंगरउतारावरून उड्या मारत खाली यायची सायकल. फ्रीराइड म्हणतात तिला. पुढे मोटरसायकलला असतात तसे जाड शॉकअप, मागे सीटखाली आणखी एक स्प्रिंगवाला, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि वजन अठरा किलो. भाऊ कॅनडाला गेला तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवून गेला. आईने वर्षभर तिच्यावर ओली पायपुसणी वाळत घातली.

एका रविवारी शेअर रिक्षा बंद होत्या आणि आईची बीपीची गोळी संपली होती. मी प्लास्टिक सोडलं, हवा भरली आणि निघाले. बेचाळीस वर्षांची बाई, पंजाबी ड्रेस, पायात चपला. आमच्या रस्त्यावरचे खड्डे मला पाठ आहेत. रिक्षात बसलं की प्रत्येक खड्डा कमरेतून जातो. त्या दिवशी चाक खड्ड्यात गेलं, शॉकअपने तो गिळला आणि मला फक्त उशीवर बसल्यासारखं झालं. मी मुद्दाम पुढचा खड्डा घेतला. मग त्याच्या पुढचा. मेडिकलचं दुकान मागे राहिलं तरी मला कळलं नाही.

भावाला फोन केला तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, "ताई, ती खड्ड्यांसाठी नाही गं. तिला उतार दाखव."

उतार शोधायला मी बदलापूरच्या बाजूला जायला लागले. चढावर ती सायकल म्हणजे छळ. पॅडल मारलं की अर्धा जोर शॉकअपच खातात आणि आपण घोड्यावर बसल्यासारखे वरखाली होत जागच्या जागी राहतो. लोकांनाही चेव यायचा. "आंटी, मोटर किधर है?" एकदा स्कूटरवरचा एक चांगला शर्ट इन केलेला गृहस्थ मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत बराच वेळ शेजारून आला आणि जाताना गुटख्याची पिचकारी टाकून गेला. शिंतोडे माझ्या बुटावर उडाले. त्याने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी बूट गवतावर घासला आणि पुढे गेले. एवढं मला चालायचं.

चामटोलीच्या मागे मला बंद पडलेली मुरुमाची खाण सापडली. डोंगर कापून काढलेले टप्पे, पायऱ्यांसारखे, आणि तळाशी सपाट जागा. सुरुवातीला मी वीतभर उंचीवरून उडी घेतली आणि पडले. मोबाइलवर बघून बघून शिकले. वजन मागे ठेवायचं, हात सैल सोडायचे, नजर चाकाकडे नाही तर जिथे उतरायचं तिथे. पावसाळा संपेपर्यंत मी मांडीएवढ्या टप्प्यावरून उतरायला लागले. चाकं जमीन सोडतात तेव्हा पोट तोंडात येतं. मग सायकल खाली बसते, पुन्हा वर येते आणि आपण चाललेलेच असतो. असं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

खाणीच्या खालच्या अंगाला एका नवरा-बायकोची भाजीची वाडी होती. एक विहीर, दोन म्हशी, काकडी आणि वालाचे वेल. साठीची ती बाई पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून माझं पडणं बघत उभी होती. मी तिला मावशी म्हणायला लागले. तिच्या बोलण्यात 'ड'चा 'र' व्हायचा.

"कशाला गो अशी उरी मारतेस? हातपाय मोरशील ना!"

मग तिने मला खाटेवर बसवलं आणि विचारलं, "आरनाव काय तुजा?"

आमच्या आडनावावरून सगळं कळतं. मी आडनाव सांगितलं आणि नेहमीप्रमाणे समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती क्षणभर थांबली. मग पाण्याचा तांब्या तिने वरून ओतला नाही, माझ्या हातात दिला. "मंग पी ना. बगतेस काय?"

त्यानंतर दर रविवारी मी त्या विहिरीचं पाणी प्यायले.

थंडी संपत आली होती तेव्हाचा एक रविवार. सगळे टप्पे नीट उतरले आणि शेवटचा घेतला. तळ नेहमीसारखाच सुकलेला दिसत होता, फक्त भेगा पडलेल्या मातीवर जांभळट तकाकी होती. पुढचं चाक त्या पापुद्र्यातून आत गेलं ते पार आसापर्यंत. मी हँडलवरून तोंडावर आपटले. तोंड झाकणारं हेल्मेट होतं म्हणून दात वाचले, पण समोरच्या फटीतून ती रबडी आत आली. नाकात, ओठांवर, जिभेवर. कोमट होती. सडलेल्या मासळीचा वास आणि त्याखाली आणखी काहीतरी जळकं, गोडसर. मला हेल्मेट काढायलाही वेळ मिळाला नाही. आतच उलटी झाली.

मी तो वास ओळखला होता. खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी ओळखला होता. पण चिखलात गुडघ्यांवर बसून मी स्वतःला सांगत होते की अशा सगळ्याच गाळांना असा वास येतो. कुणीतरी जीन्स धुण्याच्या कारखान्याचं पाणी आणून टाकलं असेल. कुणीतरी.

मावशीने मला विहिरीवर नेऊन बादल्यांवर बादल्या ओतल्या. ओतता ओतता म्हणाली, "म्हशीनी पंदरा दिस जालं ह्या पान्याला तोंड लावला नाय. हुंगतान नि मागं फिरतान. आमी पितो. आमाला काय वास येत नाय."

मागच्याच रविवारी मी ते पाणी दोन तांबे प्यायले होते. मलाही वास आला नव्हता. वास ओळखण्याचाच माझा पगार होता.

घरी आईने माझे कपडे काठीने उचलून कचऱ्यात टाकले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. मी चार वेळा डोक्यावरून अंघोळ केली. जेवायला बसले तर भातालाही तोच वास येत होता. सायकलला हात लावायची हिंमत होईना, म्हणून ती तशीच बरबटलेली पार्किंगमध्ये आठ दिवस पडून राहिली. नवव्या दिवशी पाहिलं तर पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळून खाली थारोळं झालं होतं.

आम्ही मूळचे उल्हासनगर कॅम्प चारचे. तिथे मोटरसायकलचे शॉकअप दुरुस्त करणारे एक सिंधी काका आहेत. सत्तरी उलटून गेलीय, पण अजून स्टुलावर बसून काम करतात. माझ्या वडिलांची स्कूटर तेच बघायचे. मी सायकल धुऊन, टेम्पोत टाकून त्यांच्याकडे नेली. त्यांनी पुढचा एक शॉकअप खोलला, आतलं रबरी सील स्क्रू-ड्रायव्हरने काढून तळहातावर ठेवलं. ते फुगून लिबलिबीत झालं होतं, भिजलेल्या पापडासारखं.

"बेटा, मिट्टी से सील घिसता है, फूलता नहीं," ते म्हणाले. "ये केमिकल में गया है."

मग त्यांनी ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहून हसले. अगदी निर्मळपणे हसले. "ये तो तेरी कंपनी का बास है. तेरा बाप बोलता था, लड़की शाम को घर आती है तो यही बास साथ लाती है."

वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. ते मला हे कधीच बोलले नव्हते. रोज संध्याकाळी मी आले की ते खिडकी उघडायचे, एवढं मात्र आठवलं. मी दुकानाबाहेर गटाराच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि पुन्हा ओकले. काका पाण्याचा ग्लास घेऊन मागे आले. तब्येतीची चौकशी करायला लागले.

आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात एके दिवशी मी उजाडताना खाणीच्या वरच्या टप्प्यावर जाऊन बसले. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खाणीच्या कच्च्या रस्त्याने एक टँकर रिव्हर्स घेत आला. ड्रायव्हर उतरला. त्याच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता. ब्रश तसाच गालात धरून त्याने मागचा व्हॉल्व्ह फिरवला. जांभळं पाणी जाड धारेने बाहेर पडलं, थंडीत त्यावर वाफ धरली, फेस साचत गेला आणि खालच्या वाडीच्या दिशेने एक ओघळ निघाला. ड्रायव्हर दात घासत उभा होता. टँकर रिकामा झाल्यावर तो त्या पाण्यातच थुंकला आणि निघून गेला. मी फोटो काढले. नंबर दिसत होता.

कंपनीत जाऊन मी सांडपाण्याच्या गाड्यांचं रजिस्टर उघडलं. तोच नंबर, आदल्या संध्याकाळी गेटबाहेर. कुठे नेणार या रकान्यात शुद्धीकरण केंद्र. खाली माझी सही. चांगली वळणदार सही आहे माझी. मी पानं मागे मागे उलटत गेले. तोच नंबर, तीच सही, जवळपास वर्षभर. खाणीत ते महिनाभरच येत होतं; त्याआधी कुठे ओतलं, कोण जाणे. मांडीएवढ्या टप्प्यावरून उतरायला शिकले त्या दिवसांतसुद्धा.

मी आमच्या मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. ते मोड आलेले मूग खात होते. फोटो बघताना त्यांनी चमचा खाली ठेवला नाही.

"मॅडम, तुम्ही तिकडे काय करत होतात?"

"सायकल चालवत होते, सर."

"खाणीत?" ते हसले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा. तुमची सही गाडी गेटबाहेर गेली याची आहे. कुठे गेली याची नाही. ते ट्रान्सपोर्टवाल्याचं काम. तुम्ही उगाच स्वतःला त्रास करून घेताय."

"तिथे विहीर आहे, सर. लोक पाणी पितात."

"मी बोलतो त्याच्याशी," असं म्हणून त्यांनी एक मूग दातातून काढला, बोटावर धरून पाहिला आणि परत तोंडात टाकला. वीस वर्षं मी ह्या माणसाच्या हाताखाली काम केलं होतं आणि त्यांना सज्जन समजत होते. तसे ते आहेतही. मी आजारी असताना घरी फळं घेऊन आले होते.

त्या संध्याकाळी गाडीचा कागद पुढे आला तेव्हा मी सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली. गाडी गेली.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, "नोकरी जाईल." भाजी निवडत राहिली. निवडून झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे गेली तर. सही मात्र करू नकोस."

मी विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणली आणि सगळे घरी गेल्यावर प्रयोगशाळेत तपासली. आमचाच माल त्यात निघाला, थोडा, पण निघाला. रविवारी मी वाडीवर गेले. सायकल नेली नव्हती. मावशी आणि तिचा नवरा वाल तोडत होते. मी आधी पाण्याचं सांगितलं. पिऊ नका, म्हशींना तर मुळीच देऊ नका, त्यांचं बरोबर होतं. मग म्हणाले, "मावशी, ती गाडी आमच्या कंपनीची आहे. तिच्या कागदावर माझी सही असायची."

तिला लगेच कळलं नाही. मग कळलं.

"म्हंजे तूच धारायचीस ती?"

"मला ठाऊक नव्हतं. पण हो."

"आनि हिकरं येऊन आमचाच पानी प्यायचीस."

तिचा आवाज चढला नव्हता. खाटेवर तांब्या होता, तो तिने उचलला, घरात नेला आणि दार लोटून घेतलं. तिचा नवरा माझ्याकडे न बघता तोडलेल्या शेंगा टोपलीत भरत राहिला.

तांब्या समोरून उचलला जाणं म्हणजे काय, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. आजीच्या, आईच्या तोंडून ऐकत वाढलेली मी. पण त्या दिवशी त्याचा माझ्या आडनावाशी काही संबंध नव्हता. मला जवळजवळ खात्री आहे. चिडायची सोयही मी स्वतःला ठेवली नव्हती. बांधावरून रस्त्यापर्यंत चालत जाताना मला माझ्या हातांची किळस येत होती, त्या पुरळाची नाही, बोटांची. पेन धरणाऱ्या.

प्रदूषण तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात मी फोटोंसकट तक्रार दिली, नावानिशी. पंधरा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी साडेसात वाजता मावशीचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर आहे हेही मी विसरले होते.

"ये बिगीनं. गारी धरलीय."

गावातल्या लोकांनी आदल्या दिवशी जेसीबी आणून खाणीच्या रस्त्यावर आडवा चर खणून ठेवला होता. टँकर रिव्हर्स घेता घेता मागच्या चाकांनी त्यात बसला होता. ड्रायव्हर टायरला टेकून उकिडवा बसला होता, घामाघूम. कुणी त्याला मारलं नव्हतं, पण आता मारतील असं समजून तो रडायला लागला होता. थोड्या वेळाने सरकारी साहेब आले. त्यांच्या पाठोपाठ आमचे मॅनेजरही, गाडीच्या काचा वर करून.

साहेबांनी विचारलं, "हे पाणी कुठलं, कुणी सांगू शकेल का?"

मावशीने मला खांद्याला धरून पुढे ढकललं. "हिला ईचारा. हिला वास कलतो."

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. कंपनीचं नाव सांगितलं, माल कुठला ते सांगितलं, सही माझी आहे तेही सांगितलं. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की साहेबांनी दोनदा विचारलं.

कंपनीला नोटीस आली. ट्रान्सपोर्टवाला बदलला. माझ्याकडून खुलासा लिहून घेतला आणि मला स्टोअरला टाकलं. आता मी हातमोजे, बादल्या आणि झाडू देते-घेते. नोकरी मी सोडली नाही. आईचं वय, माझं वय, सगळी कारणं खरी आहेत आणि ती सगळी मला शिळ्या अन्नासारखी वाटतात. दुपारी कँटीनमध्ये जुने सहकारी माझ्या टेबलावर बसत नाहीत. ज्यांच्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं ते माझ्याकडे असं बघतात, जणू वास माझ्या अंगाला येतोय.

पावसाच्या आधी कंपनीला खाणीचा तळ खरवडून न्यायला लावलं. रविवारीच काम होतं. मी सायकलवरून गेले. काकांनी नवी सील बसवून दिली होती. मास्क लावलेल्या मजुरांनी जांभळी माती पोत्यात भरून ट्रकवर चढवली. मी ड्रायव्हरला विचारलं, "कुठे नेणार?"

"कागज़ पे लिखा है न, मॅडम."

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ट्रक निघाला तशी मी त्याच्या मागे निघाले. अठरा किलोची, उड्या मारायची सायकल, जाड टायर, सपाट रस्ता. ती सायकल अशा कामाची नाही. पण रस्त्याचं काँक्रीटचं काम निघालं होतं आणि गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. मी उखडलेल्या भागावरून, दुभाजकावरून उतरून, खडीच्या ढिगाऱ्यावरून त्याला गाठत राहिले. बदलापूर मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि ट्रक दिसेनासा झाला. मांड्या पेटल्या होत्या. थांबले असते तर पुन्हा बसता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. बऱ्याच वेळाने तो एका चहाच्या टपरीपाशी उभा दिसला. ड्रायव्हर बशीत चहा ओतत होता. मला बघून त्याने कपाळाला हात लावला.

"अरे मॅडम! पागल हो क्या? बैठो केबिन में, सायकल ऊपर डाल देता हूँ."

"त्या पोत्यांवर? नको."

तो पुढे गेला. तळोज्याच्या रस्त्याला जिथे असला कचरा रीतसर घेतात, त्या फाटकापाशी मी पोचले तेव्हा दुपार उलटून गेली होती. ट्रकची लांब रांग होती आणि आमचा ट्रक अजून रांगेतच होता. मी सायकल कुंपणाला टेकवून ट्रकच्या बाजूने पायी हळूहळू पुढे सरकत राहिले. ट्रक वजनकाट्यावर चढला, आकडा लागला, फाटक उघडलं आणि तो आत गेला.

वॉचमनने विचारलं, "ताई, कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही," मी म्हटलं. "ती गाडी आत गेली, एवढंच बघायचं होतं."

त्याला काही कळलं नाही. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. बाटलीचं बूच काढून मी आधी ते हुंगलं. हल्ली सगळंच हुंगते. मग प्यायले. वर्षभरात मी सही करून इतक्या गाड्या बाहेर पाठवल्या, पण जिथे जायला हवी तिथे पोचलेली गाडी ही एकच मी डोळ्यांनी पाहिली. परत निघण्याआधी चाळीस मिनिटं तिथेच बसून राहिले, कारण पाय उचलत नव्हते, आणि मग अंबरनाथच्या दिशेने निघाले.